अन्य कंपनीच्या चार्जिंग जाळ्याचा वापर (विद्युत मोटार)

अन्य कंपनीच्या चार्जिंग जाळ्याचा वापर म्हणजे एका उत्पादकाची विजेवर चालणारी मोटार दुसऱ्या, बहुधा प्रतिस्पर्धी, उत्पादकाने उभारलेल्या किंवा त्याच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जलद चार्जिंग केंद्रावर चार्ज करणे होय. भारतात २०१९ नंतर विक्रीस आलेल्या बहुतेक विद्युत मोटारींना एकाच प्रकारची जोडणी असल्यामुळे तांत्रिकदृष्ट्या असा वापर सहज शक्य आहे. प्रत्यक्षात मात्र ॲप, नोंदणी, दर, प्राधान्यक्रम आणि केंद्राच्या जागेवरील प्रवेश या गोष्टींवर तो अवलंबून राहतो. मोठ्या शहरांत हा सोयीचा प्रश्न असतो. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा तालुक्यांसारख्या विरळ वाहतुकीच्या डोंगराळ भागात तो प्रवास होऊ शकतो की नाही याचाच प्रश्न ठरतो, कारण तेथे एकापेक्षा अधिक जाळी उभी राहण्याइतका व्यवसाय नसतो. मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ या थंड हवेच्या ठिकाणी जाणारा मार्ग हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न कधी निर्माण झाला नाही. इंधन विकणाऱ्या कंपन्या मोटारी बनवत नव्हत्या आणि मोटारी बनवणाऱ्या कंपन्या पंप चालवत नव्हत्या. विद्युत मोटारींच्या आरंभीच्या काळात चार्जिंगची सोय नाही म्हणून मोटार खपत नाही आणि मोटारी नाहीत म्हणून चार्जिंग केंद्र परवडत नाही, असा पेच होता. तो सोडवण्यासाठी काही उत्पादकांनी स्वतःच केंद्रे उभारली. त्यावर झालेला खर्च आपल्याच ग्राहकांच्या कामी यावा, ही अपेक्षा त्यातून स्वाभाविकपणे आली. अमेरिकेतील टेस्ला या कंपनीने २०१२ मध्ये सुरू केलेले ‘सुपरचार्जर’ जाळे हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय.

भारतात एक कायदेशीर अडचण आधी दूर व्हावी लागली. विद्युत अधिनियम, २००३ नुसार वीज वितरणासाठी परवाना लागतो. चार्जिंग केंद्र वीज विकते असे मानले असते, तर प्रत्येक केंद्रचालकाला तो घ्यावा लागला असता. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले की बॅटरी चार्ज करणे ही वीजविक्री नसून सेवा आहे. त्यामुळे उपाहारगृहापासून मोटारविक्रेत्यापर्यंत कोणालाही परवान्याविना केंद्र चालवण्याची वाट मोकळी झाली. या निर्णयाची दुसरी बाजू कमी चर्चिली जाते. वीज वस्तू व सेवा करातून मुक्त असली तरी चार्जिंग ‘सेवा’ ठरल्याने तिच्यावर १८ टक्के कर लागतो. घरी चार्ज करणाऱ्याला तो भरावा लागत नाही. बाहेरच्या केंद्रावर विसंबून राहणाऱ्याला मात्र तो चुकत नाही.

मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये सार्वजनिक चार्जिंगविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. शहरांत प्रत्येक ३ किमी × ३ किमी चौकटीत किमान एक केंद्र आणि महामार्गांच्या दोन्ही बाजूंस दर २५ किमीवर एक केंद्र असावे, असे उद्दिष्ट त्यांत होते. सार्वजनिक केंद्राने एकाच वेळी अनेक प्रकारच्या जोडण्या ठेवाव्यात, अशी सक्तीही आरंभी होती. ती खर्चिक ठरल्याने ऑक्टोबर २०१९ च्या सुधारणेत केंद्रचालकाला निवडीचे स्वातंत्र्य देण्यात आले.

जोडणीची मानके

जलद चार्जिंगमध्ये एकदिश विद्युतप्रवाह (डीसी) थेट बॅटरीत सोडला जातो. घरगुती वीज प्रत्यावर्ती (एसी) असल्याने तिचे रूपांतर मोटारीतील छोट्या यंत्राला करावे लागते. जलद केंद्रात हे काम बाहेरचे मोठे यंत्र करते. त्यामुळे जोडणीचा आकार, तिच्यातील तारांची रचना आणि मोटार व यंत्र यांच्यातील संवादाची ‘भाषा’ एकच असणे आवश्यक असते.

जगात अशा अनेक पद्धती रूढ झाल्या. जपानमध्ये २०१० च्या सुमारास टोकियोची वीज कंपनी व निस्सान, मित्सुबिशी आदी उत्पादकांनी ‘चाडेमो’ ही पद्धत पुढे आणली. तिचे नाव जपानी भाषेतील ‘चहा घेणार का?’ या अर्थाच्या वाक्याशी साधलेला श्लेष आहे. चहा होईपर्यंत गाडी चार्ज व्हावी, अशी त्यामागील कल्पना. जर्मन व अमेरिकी उत्पादकांनी २०१२ मध्ये ‘कंबाइन्ड चार्जिंग सिस्टिम’ म्हणजेच सीसीएस ही पद्धत मांडली. तिच्या युरोपीय रूपास सीसीएस-२ म्हणतात. चीनने जीबी/टी हे स्वतःचे मानक ठेवले.

भारताची सुरुवात वेगळ्या दिशेने झाली. २०१७ मध्ये ‘भारत एसी-००१’ आणि ‘भारत डीसी-००१’ ही देशी मानके तयार करण्यात आली. त्या वेळच्या ई-व्हेरिटोसारख्या मोटारींच्या बॅटऱ्या कमी दाबाच्या होत्या आणि डीसी-००१ ची क्षमता १५ किलोवॉटपर्यंतच होती. २०१९ मध्ये ह्युंदाईची कोना आणि २०२० च्या आरंभी एमजीची झेडएस ईव्ही व टाटा मोटर्सची नेक्सॉन ईव्ही बाजारात आल्या. या तिन्ही मोटारींनी सीसीएस-२ स्वीकारले. एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या कंपन्यांनी एकच जोडणी घेतल्यामुळे अमेरिकेत पुढे अनेक वर्षे चाललेला जोडणीचा वाद भारतात मोटारींपुरता झालाच नाही. टेस्लाने २०२५ मध्ये मुंबईत विक्री सुरू केली, तेव्हा भारतीय मोटारींसाठी तिलाही सीसीएस-२ च ठेवावे लागले.

चार्जिंगची प्रक्रिया

जोडणी, जिला व्यवहारात ‘गन’ म्हणतात, मोटारीत बसवल्यावर वीज लगेच वाहू लागत नाही. प्रथम मोटार व यंत्र यांच्यात संदेशांची देवाणघेवाण होते. बॅटरीचा दाब किती, ती जास्तीत जास्त किती प्रवाह घेऊ शकते आणि यंत्र किती देऊ शकते, हे दोन्ही बाजू एकमेकींना कळवतात. त्यानंतर यंत्र विद्युतरोधनाची चाचणी घेते, दाब जुळवते आणि मगच मुख्य संपर्क बंद होऊन प्रवाह सुरू होतो. किती प्रवाह हवा हे संपूर्ण वेळ मोटारच सांगत असते. यंत्र तिची मागणी पुरवते.

यामुळे यंत्रावर लिहिलेली क्षमता आणि मोटारीला मिळणारी शक्ती यांत फरक पडतो. एमजी विंडसरची ३८ किलोवॉट-तास बॅटरी असलेली आवृत्ती जास्तीत जास्त ४५ किलोवॉटने चार्ज होते. ती १५० किलोवॉटच्या यंत्राला जोडली तरी तिला ४५ किलोवॉटच मिळतील. उलट महिंद्राची बीई ६ किंवा एक्सईव्ही ९ई १७० किलोवॉटहून अधिक शक्ती घेऊ शकते, पण ३० किलोवॉटच्या यंत्रावर तिला ३० किलोवॉटवरच समाधान मानावे लागते. परक्या जाळ्यावरील मोठे यंत्र महाग दराचे असेल, तर लहान मोटारीच्या मालकाला त्याचा काहीही लाभ न होता जादा पैसे मोजावे लागू शकतात. बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की मोटार स्वतःच मागणी कमी करते. म्हणून प्रवासात १०० टक्क्यांपर्यंत थांबणे वेळखाऊ ठरते आणि मागे रांग असल्यास ते असभ्यही मानले जाते.

मानक एक असूनही सर्व संच पहिल्याच प्रयत्नात जुळतात असे नाही. मानकातील काही तपशील वेगवेगळ्या पद्धतीने अमलात आणता येतात आणि एखाद्या यंत्राची संगणकप्रणाली नव्या मोटारीला ओळखत नाही. उत्पादक आपल्या मोटारीची चाचणी स्वतःच्या किंवा भागीदाराच्या यंत्रांवर आधी घेतात; इतरांची यंत्रे नंतर येतात. प्रतिस्पर्ध्याच्या केंद्रावर व्यवहार अर्धवट तुटण्याचे हे एक साधे कारण आहे आणि त्यात प्रत्येक वेळी हेतू शोधण्याची गरज नसते. गन काढून पुन्हा बसवणे किंवा त्याच यंत्राची दुसरी गन वापरणे, हे उपाय अनेकदा पुरतात.

यंत्र आणि केंद्रचालकाची मध्यवर्ती प्रणाली यांच्यातील संवादासाठी नेदरलँड्समध्ये उगम पावलेला ओसीपीपी हा खुला संकेत जगभर वापरला जातो. एका चालकाचे ॲप दुसऱ्या चालकाच्या यंत्रावर चालावे यासाठी ओसीपीआय हा वेगळा संकेत आहे. मोबाइलच्या ‘रोमिंग’शी त्याची तुलना करता येते. जोडणीचे ऐक्य भारतात लवकर साधले. ॲपचे ऐक्य मात्र अजून अपुरे आहे. वाहनधारकाच्या भ्रमणध्वनीत पाच-सहा ॲप आणि प्रत्येकाच्या वॉलेटमध्ये अडकलेली थोडीथोडी रक्कम, हे त्याचे नेहमीचे लक्षण होय. पीएम ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये राखून ठेवण्यात आले. त्याच योजनेच्या संदर्भात सर्व केंद्रांसाठी एकच ॲप विकसित करण्याचे काम भेल या सार्वजनिक कंपनीकडे देण्याचा विचार २०२५ मध्ये अवजड उद्योग मंत्रालयाने मांडला.

महाराष्ट्रातील वाटचाल

महाराष्ट्रात प्रतिस्पर्ध्यांचे सहकार्य विद्युत मोटारींच्या विक्रीइतकेच जुने आहे. २०२० मध्ये एमजी मोटर आणि टाटा पॉवर यांनी एमजीच्या विक्रीदालनांत ५० किलोवॉटची यंत्रे बसवण्याचा करार केला आणि त्याच वर्षी नागपुरात अशा केंद्राचे उद्घाटन झाले. टाटा पॉवर ही टाटा मोटर्सच्याच उद्योगसमूहातील कंपनी. म्हणजे नेक्सॉन ईव्हीची थेट स्पर्धक असलेली मोटार विकणाऱ्याच्या अंगणात टाटा समूहाचे यंत्र उभे राहिले. मे २०२२ मध्ये ह्युंदाईनेही टाटा पॉवरशी करार करून २९ शहरांतील आपल्या ३४ विक्रीकेंद्रांवर ६० किलोवॉटची यंत्रे बसवण्याचे ठरवले. वीजकंपनीच्या दृष्टीने मोटार कोणाची हे महत्त्वाचे नव्हते. यंत्र किती तास चालते हे महत्त्वाचे होते.

राज्य शासनाने जुलै २०२१ मध्ये जाहीर केलेल्या विद्युत वाहन धोरणात मुंबई–पुणे, मुंबई–नागपूर, मुंबई–नाशिक आणि पुणे–नाशिक हे चार महामार्ग विद्युत वाहनांसाठी सज्ज करण्याचे लक्ष्य होते. २०२५ मध्ये आलेल्या नव्या धोरणाने राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किमीला चार्जिंगची सोय असावी, असे म्हटले आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतूवर विद्युत मोटारींना पथकरातून सूट दिली. ही दोन्ही धोरणे महामार्गकेंद्री आहेत. महामार्ग सोडून आत शिरणाऱ्या घाटरस्त्यांविषयी त्यांत फारसे काही नाही.

जानेवारी २०२४ मध्ये ह्युंदाईने देशातील सहा शहरांत व पाच महामार्गांवर मिळून ११ जलद केंद्रे सुरू केल्याचे जाहीर केले. त्या पाच महामार्गांत मुंबई–नाशिक आणि मुंबई–सुरत हे दोन होते. यंत्रांची क्षमता १५० किलोवॉटपर्यंत असून ती कोणत्याही कंपनीच्या मोटारीसाठी खुली ठेवण्यात आली. जव्हार–मोखाड्याच्या दृष्टीने ही नोंद महत्त्वाची आहे, कारण या डोंगराळ पट्ट्याच्या पूर्वेकडून मुंबई–नाशिक आणि पश्चिमेकडून मुंबई–सुरत असे हेच दोन महामार्ग जातात.

मुक्त, सवलतीची आणि राखीव जाळी

उत्पादकांच्या जाळ्यांचे धोरण सारखे नाही. काही जाळी सर्वांना समान अटींवर खुली आहेत. महिंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलेले ‘चार्ज इन’ जाळे याच प्रकारचे आहे. त्यात २०२७ च्या अखेरीपर्यंत १८० किलोवॉटची २५० केंद्रे उभारण्याचे उद्दिष्ट असून ती कोणत्याही कंपनीच्या मोटारीला वापरता येतील, असे कंपनीने म्हटले. जेएसडब्ल्यू एमजीने २०२४ मध्ये आणलेले ‘ई-हब’ हे ॲप अनेक केंद्रचालकांची यंत्रे एकाच ठिकाणी दाखवते.

दुसरा प्रकार खुला, पण आपल्या ग्राहकाला झुकते माप देणारा. टाटाच्या विद्युत मोटार कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलेली ‘मेगाचार्जर’ केंद्रे केंद्रचालकांच्या भागीदारीत उभी राहतात. तेथे सर्वांना प्रवेश असतो, मात्र टाटाच्या मोटारींना प्राधान्य व सवलतीचा दर मिळतो. तिसऱ्या प्रकारात यंत्र राखीव असते. मारुती सुझुकीने ई-व्हिटारासोबत डिसेंबर २०२५ मध्ये मांडलेल्या व्यवस्थेत आपल्या ग्राहकांपुरती ठेवलेली दोन हजारांवर चार्जिंग ठिकाणे आहेत आणि त्याखेरीज भागीदार चालकांच्या खुल्या केंद्रांशी जोडणीही आहे.

राखीव जाळ्यामागील व्यावसायिक तर्क समजण्यासारखा आहे. यंत्र रिकामे मिळण्याची हमी हे मोटार विकण्याचे साधन असते. शिवाय प्रत्येक व्यवहारात कोणती मोटार कुठे, केव्हा आणि किती चार्ज झाली याची माहिती केंद्रचालकाकडे जमा होते. ती स्पर्धकाच्या हाती जावी असे कोणत्याच उत्पादकाला वाटत नाही. मात्र रिकाम्या यंत्राचे व्याज, जागेचे भाडे आणि वीजजोडणीचा स्थिर आकार चालूच राहतो. दिवसाकाठी दोन-तीन मोटारी येणाऱ्या ठिकाणी त्यांतील एक स्पर्धकाची म्हणून परत पाठवणे कोणालाच परवडत नाही.

विक्रीदालनांच्या आवारातील यंत्रांची अडचण वेगळीच असते. नकाशावर ती सार्वजनिक म्हणून दिसतात, पण फाटक रात्री व सुट्टीच्या दिवशी बंद असते, यंत्रासमोर विक्रीची नवी गाडी उभी असते किंवा रखवालदार परक्या कंपनीची मोटार आत घेण्यास कुरकुर करतो. वाहनधारकांच्या अशा तक्रारी देशभर ऐकू येतात. धोरण खुले असले तरी दाराशी उभा असलेला माणूस त्या धोरणाशी परिचित असतोच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी केंद्रावर दूरध्वनी करण्याचा प्रघात अनुभवी चालकांत पडला आहे.

सूर्यमाळ परिसरातील स्थिती

सूर्यमाळ हे सह्याद्रीच्या कुशीतील गाव व पठार खोडाळ्याच्या परिसरात आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा जव्हार व मोखाडा हे आदिवासीबहुल तालुके त्यात गेले. पावसाळ्यातील धबधबे, जव्हारचा जयविलास राजवाडा, दाभोसा धबधबा आणि खोडाळ्याजवळचे देवबांध यांमुळे मुंबई, ठाणे व नाशिक येथून येणाऱ्या पर्यटकांचा ओघ येथे शनिवार-रविवारी वाढतो. मुंबईकडून येणारे कसाऱ्याजवळ महामार्ग सोडून विहिगावमार्गे खोडाळ्याला पोहोचतात, नाशिककडून येणारे त्र्यंबकेश्वरमार्गे मोखाड्याला, तर पश्चिमेकडून येणारे मनोर येथे अहमदाबाद महामार्ग सोडून विक्रमगड व जव्हारमार्गे वर चढतात.

या प्रवासाचे गणित सोपे आहे. जव्हार मुंबईपासून सुमारे १४५ किमी आणि नाशिकपासून सुमारे ८० किमी अंतरावर आहे. एका युनिटमध्ये, म्हणजे एका किलोवॉट-तासात, मोटार ७ किमी धावते असे धरले, तर ३८ युनिटांची बॅटरी २६६ किमी पुरते. मुंबई–जव्हार–मुंबई हा फेरा २९० किमीचा होतो. आसपास भटकण्याचे अंतर त्यात धरलेले नाही. २४ युनिटांच्या छोट्या मोटारीला तर १६८ किमीच मिळतात. नाशिकहून येणारा ३८ युनिटांच्या मोटारीने न थांबता परत जाऊ शकतो. मुंबईहून येणाऱ्याला वाटेत एकदा तरी चार्ज करणे भाग आहे. ते कोठे, हे त्याच्या मोटारीच्या बोधचिन्हावरून ठरू लागले तर प्रवास अनिश्चित होतो. महामार्गावर जे यंत्र चालू स्थितीत असेल ते आपल्याला वापरता येईल, एवढ्याच भरवशावर हा प्रवास आखता येतो.

चढाचा परिणाम प्रवासी बहुधा फुगवून सांगतात. प्रवाशांसह १,७०० किलो वजनाची मोटार ५०० मीटर उंच नेण्यास सुमारे २.३ युनिट ऊर्जा लागते. सपाट रस्त्यावरच्या १६ किमीइतकाच हा खर्च आहे. उतरताना पुनरुत्पादक ब्रेकमुळे त्यातील काही भाग बॅटरीत परतही येतो. मात्र घाटमाथ्याला पोहोचताना बॅटरी ५-६ टक्क्यांवर असेल, तर उतारावर परत मिळणारी वीज तेव्हा उपयोगाची नसते. महामार्ग सोडण्यापूर्वी बॅटरी भरून घेणे, हाच या भागासाठी व्यवहार्य नियम आहे.

पठारावरच जलद केंद्र का उभे राहत नाही, याचे उत्तर मागणीइतकेच वीजवाहिनीत आहे. खेड्यांत नेहमी दिसणारी महावितरणची रोहित्रे ६३ किंवा १०० केव्हीए क्षमतेची असतात आणि त्यांवर संपूर्ण वाडी-वस्ती चालते. ६० किलोवॉटचे एकच यंत्र अशा रोहित्राची बहुतेक क्षमता खाऊन टाकेल. म्हणजे यंत्रासाठी स्वतंत्र रोहित्र आणि कधी कधी उच्चदाब वाहिनीचा विस्तार लागतो. हा खर्च एकदा करणे अवघड असताना दोन स्पर्धकांनी शेजारी-शेजारी तो दोनदा करावा, अशी अपेक्षा धरता येत नाही. मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात आहे आणि त्याच तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा ठिकाणी पर्यटकांच्या मोटारींसाठीच्या वीजवाहिनीला अग्रक्रम मिळावा की नाही, हा प्रश्नही त्यामुळे केवळ तांत्रिक राहत नाही.

दूरसंचार ही दुसरी अडचण. बहुतेक जाळ्यांवर चार्जिंग सुरू करण्यासाठी ॲपमधून संकेतचिन्ह टिपावे लागते, म्हणजे भ्रमणध्वनी आणि यंत्र या दोघांनाही त्या क्षणी इंटरनेट मिळाले पाहिजे. दऱ्याखोऱ्यांत ते दर वेळी मिळत नाही. आपल्या कंपनीच्या मोटारीत त्या कंपनीचे ॲप आधीपासून असते. परक्या जाळ्यासाठी ते ऐन वेळी उतरवून, नोंदणी करून, वॉलेटमध्ये पैसे भरावे लागतात. म्हणून ही तयारी महामार्गावर असतानाच, किंबहुना घरीच, केलेली बरी. ओसीपीपी संकेतात संपर्क तुटला असताना ओळखीच्या कार्डधारकांना चार्जिंग करू देण्याची तरतूद आहे. केंद्रचालकाने ती चालू ठेवलेली असेल आणि वाहनधारकाने त्या जाळ्याचे आरएफआयडी कार्ड घेतले असेल, तर ॲपविना काम भागते. डोंगरी भागासाठी हा साधा उपाय अधिक प्रमाणात वापरला जायला हवा.

मुक्काम करणाऱ्यांसाठी सर्वांत भरवशाची सोय कोणत्याच कंपनीच्या जाळ्यात मोडत नाही. १५ किंवा १६ ॲम्पिअरच्या साध्या सॉकेटमधून सुमारे ३.३ किलोवॉट शक्ती मिळते. ३८ युनिटांची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर नेण्यासाठी सुमारे २३ युनिटे लागतात. साध्या सॉकेटवर ती सात तासांत, म्हणजे एका रात्रीत मिळतात. हेच काम ४५ किलोवॉटने अर्ध्या तासाच्या आसपास होते. मात्र सॉकेटला योग्य अर्थिंग असणे अत्यावश्यक आहे. ते नसल्यास मोटारीसोबतचा चार्जर सुरक्षिततेसाठी सुरूच होत नाही. लांब लघुदाब वाहिनीच्या टोकाशी असलेल्या घरांत संध्याकाळी दाब खालावतो, तेव्हाही चार्जिंग मंदावते किंवा थांबते. पाहुण्याची गाडी रात्रभर २०-२५ युनिटे घेणार असेल, तर घरमालकाला आधी विचारून त्याचे पैसे वेगळे देणे रास्त ठरते. जुन्या वायरिंगच्या घरात विस्तारक तार लावून चार्ज करणे धोक्याचे आहे.

अन्य देशांतील अनुभव

युरोपीय संघाने २०१४ च्या निर्देशाद्वारे सार्वजनिक जलद केंद्रांवर सीसीएस-२ जोडणी आवश्यक केली. त्यामुळे तेथे पुढचा प्रश्न पैसे देण्याच्या पद्धतीचा राहिला. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या नियमानुसार नव्या जलद केंद्रांवर करार वा नोंदणी न करता साध्या बँक कार्डाने पैसे भरता आले पाहिजेत. टेस्लाने नोव्हेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्समधील १० केंद्रे अन्य मोटारींसाठी प्रायोगिक तत्त्वावर खुली केली. बीएमडब्ल्यू, डायमलर, फोर्ड व फोक्सवॅगन यांनी तर २०१७ मध्येच एकत्र येऊन ‘आयोनिटी’ हे सामाईक जाळे काढले होते.

अमेरिकेत उलट घडले. तेथे टेस्लाची जोडणी वेगळी होती आणि तिचे जाळे सर्वांत मोठे व भरवशाचे होते. मे २०२३ मध्ये फोर्डने आणि पुढच्याच महिन्यात जनरल मोटर्सने टेस्लाच्या जाळ्यात प्रवेश मिळवण्याचा करार करून भावी मोटारींत टेस्लाचीच जोडणी वापरण्याचे जाहीर केले. फोर्डच्या मोटारींना फेब्रुवारी २०२४ पासून अनुयोजकाच्या साहाय्याने ते जाळे वापरता येऊ लागले. सरकारी अनुदान सर्वांना खुल्या असलेल्या केंद्रांनाच मिळणार, ही अट टेस्लाच्या निर्णयामागील एक महत्त्वाचे कारण मानली जाते. भारतातही मार्च २०२३ मध्ये तिन्ही सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ जलद केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर झाले. ही केंद्रे पेट्रोल पंपांवर असल्याने मोटारीच्या कंपनीचा भेद तेथे मुळातच येत नाही.

दुचाकींची स्थिती

मोटारींमध्ये सुटलेला जोडणीचा प्रश्न दुचाकींमध्ये पुष्कळ काळ रेंगाळला. विद्युत स्कूटर बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापल्या वेगळ्या जोडण्या ठेवल्या आणि एकीच्या जलद यंत्रावर दुसरीची स्कूटर चालत नाही. एथर एनर्जीने आपली जोडणी इतरांना खुली केली, हिरो मोटोकॉर्पच्या ‘विडा’ने ती स्वीकारली आणि २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने तिच्यावर आधारित मानकाला मान्यता दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस या दोन स्पर्धक कंपन्यांनी आपली जाळी एकमेकींच्या ग्राहकांसाठी खुली केल्याचे जाहीर केले. मानकाचा स्वीकार ऐच्छिक असल्याने अन्य उत्पादकांच्या वेगळ्या जोडण्या त्यानंतरही चालू राहिल्या. दुचाकीची बॅटरी ३-४ युनिटांची असल्याने ती घरच्या सॉकेटवर रातोरात भरते. जव्हार-मोखाड्याच्या रस्त्यांवर मोटारींपेक्षा दुचाकीच जास्त असल्या तरी जलद केंद्राविना त्यांचे अडत नाही ते यामुळेच.